६५ मिमीचा एफपीव्ही घरी बांधताना: आधी बॅटरी, मग बाकीचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मित्राला घरी एफपीव्ही ड्रोन, म्हणजे त्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्र गॉगलमध्ये बघत उडवायचा ड्रोन, बांधायचाय. उडवायचाय घरातल्या हॉलमध्ये आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये. त्याने यादी केली आहे: तीन इंची पात्यांची कार्बन फ्रेम, १४०४ मोटर (आतला भाग १४ मिमी रुंद, ४ मिमी उंच), ३एस म्हणजे तीन सेलची बॅटरी, डिजिटल कॅमेरा, शिवाय हातातला रेडिओ आणि गॉगल. "सगळं मिळून २५० ग्रॅमच्या आत बसतंय, म्हणजे हलकाच झाला ना? सोल्डरिंग जेमतेम येतं. जमेल का?"

जमेल. पण ही यादी हॉलसाठी नाही. २५० ग्रॅम ही कायद्यातल्या नॅनो वर्गाची मर्यादा आहे. तिच्या आत बसलेला ड्रोन घरात उडवण्याइतका हलका असतोच असं नाही. दोनशे ग्रॅमचा तीन इंची ड्रोन उघड्या पात्यांनी भिंतीला धडकला तर प्लास्टर निघतं, आणि बोटाला लागला तर टाके पडतात. पार्किंगमध्ये तर सायकलवरची मुलं कुठून येतील याचा नेम नसतो. तुम्हाला हवा आहे तो ६५ मिलिमीटरचा 'व्हूप'. तिरक्या समोरासमोरच्या दोन मोटरींमधलं अंतर ६५ मिमी, पाती ३१ मिमीची, प्रत्येक पात्याभोवती प्लास्टिकचं कडं, बॅटरी एका सेलची. बॅटरीसकट वजन २८ ग्रॅमच्या आसपास. असा ड्रोन सोफ्यावर आदळला, पडद्यात अडकला, आजीच्या खांद्यावर पडला तरी काही होत नाही. त्यामुळे तुम्ही न घाबरता उडवाल, आणि न घाबरता उडवणाराच लवकर शिकतो.

या आकारात सगळा खेळ ग्रॅमचा आहे, म्हणून तिथेच जरा थांबू. ड्रोन हवेत स्थिर ठेवायला लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताने वाढते. २८ ग्रॅमच्या ड्रोनवर तीन ग्रॅम वाढले तर वजन ११ टक्के वाढलं, पण शक्ती साधारण १६ टक्के जास्त लागते. पाच इंची ड्रोनवर तीन ग्रॅम म्हणजे दोन-चार स्क्रू. इथे ते तीन ग्रॅम उड्डाणाचा वेळ खातात, वळणावर ड्रोनला बाहेर घसरवतात आणि बॅटरीचा व्होल्टेज लवकर खाली ओढतात. म्हणून पहिली खरेदी ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या छोट्या डिजिटल वजनकाट्याची करा. प्रत्येक भाग फ्रेमवर चढण्याआधी त्यावर ठेवा आणि वहीत आकडा लिहा.

वहीतला हिशोब साधारण असा दिसेल. फ्रेम तीन ते साडेतीन ग्रॅम. ०८०२ आकाराच्या चार मोटरी मिळून साडेसात-आठ. फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मेंदू), मोटरींचा वेग सांभाळणारे चार ईएससी, रेडिओचा सिग्नल घेणारा रिसीव्हर आणि व्हिडिओ ट्रान्समीटर एकाच पाटीवर असलेला एआयओ बोर्ड, वायरसकट पाच. कॅमेरा दीड ते दोन. वरची टोपी, म्हणजे कॅनोपी, एक. पाती चार मिळून एक. स्क्रू आणि रबरी बुशिंग अर्धा. बेरीज वीसच्या आसपास येते. ३०० एमएएचची बॅटरी आठ ग्रॅम. तुमच्या बेरजेत रिकामा ड्रोन २३-२४ वर गेला तर कुठे तरी गरजेपेक्षा जाड वस्तू आली आहे, ती शोधून काढा. बहुतेक वेळा ती लांब ठेवलेली वायर असते, नाही तर मोटरीचे प्लग.

आता बॅटरी. लोक फ्रेम बघून भुलतात आणि बॅटरी शेवटी, उरलेल्या पैशात घेतात. माझा आग्रह याच्या नेमका उलट आहे: बॅटरी आणि तिचा कनेक्टर आधी ठरवा. कारण मोटरीचा केव्ही (एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे), पात्यांचा आकार, उड्डाणाचा वेळ या सगळ्यांवर या एका सेलची सत्ता चालते. ३०० एमएएचच्या सेलमधले २५० एमएएच वापरले आणि सरासरी ४ अँपिअर ओढले, तर पावणेचार मिनिटं मिळतात. एवढंच मिळतं आणि एवढं पुरतं. "मोठी बॅटरी लावली तर?" हा प्रश्न हमखास येतो. ४५० एमएएचची लावाल तर चार-पाच ग्रॅम वाढतील, वेळ थोडाच वाढेल, आणि ज्या चपळपणासाठी एवढा खटाटोप केला तो जाईल. तीच बॅटरी ७५ मिमीच्या फ्रेमवर, ४० मिमीच्या पात्यांसोबत मात्र अगदी योग्य बसते. म्हणून मोठ्या बॅटरीऐवजी छोट्या सहा घ्या.

कनेक्टर तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. जुन्या छोट्या ड्रोनवर येणारा पांढरा पीएच २.० कनेक्टर मुळात २ अँपिअरसाठी बनवलेला आहे. तुमचे चार मोटर पूर्ण थ्रॉटलला १० अँपिअरच्या पुढे जातात. वाटेत २० मिलिओहमचा जरी जास्तीचा अडथळा असला तरी १० अँपिअरला ०.२ व्होल्ट तिथेच संपतात, आणि आपल्याकडे एकूण आहेत पावणेचार-चार व्होल्ट. दहा उड्डाणांनंतर "मोटरी कमजोर पडल्या" अशी तक्रार येते, तेव्हा कित्येकदा मोटरी ठणठणीत असतात आणि आतल्या पत्र्या सैल झालेला कनेक्टर दोषी असतो. बीटी २.० किंवा ए३० घ्या. सगळ्या बॅटऱ्या, चार्जर आणि ड्रोन एकाच प्रकारचे ठेवा. मध्ये ॲडॅप्टर लावू नका.

मोटर ०८०२, केव्ही १९००० ते २३००० मधला काहीही चालेल. ०७०२ मोटर चार मिळून दीड-दोन ग्रॅम वाचवतात आणि फक्त घरातच उडवायचं असेल तर छान चालतात. पार्किंगमध्ये वारा असतो, तिथे ०८०२ ची ओढ बरी पडते, म्हणून तुम्हाला तीच सुचवतो. डिजिटल कॅमेऱ्याचा मोह समजतो, चित्र फारच सुंदर दिसतं. पण ॲनालॉग कॅमेरा दीड-दोन ग्रॅमचा आणि ट्रान्समीटर बोर्डातच. डिजिटलमधली हलकी युनिटंही त्याहून बरीच जड असतात. वर सांगितलेला दीडाव्या घाताचा हिशोब परत एकदा लावून बघा. पहिला ड्रोन ॲनालॉगच असू द्या. चित्रात मुंग्या येतील, रेषा हलतील, पण सिग्नल जाताना तो हळूहळू जातो आणि तुम्हाला मागे फिरायला वेळ मिळतो.

बोर्ड घेताना दोन गोष्टी बघा. रिसीव्हर ईएलआरएसचा (एक्सप्रेसएलआरएस ही रेडिओ आणि रिसीव्हर जोडण्याची पद्धत), २.४ गिगाहर्ट्झचा असावा आणि तुमचा रेडिओही तोच असावा. दुसरी, तो रिसीव्हर बोर्डावर एसपीआयने जोडलेला आहे की यूएआरटीने (या दोन वेगळ्या जोडण्या आहेत), हे विक्रेत्याला विचारा. एसपीआय असेल तर रिसीव्हरचं सॉफ्टवेअर बीटाफ्लाइटच्या, म्हणजे फ्लाइट कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरच्या, आतच असतं, ते वेगळं अपडेट करता येत नाही. अशा बोर्डावर बीटाफ्लाइट ४.३ असेल आणि रेडिओत ईएलआरएस ३ असेल, तर दोघं एकमेकांना कधीच ओळखणार नाहीत. लोक रात्र रात्र बाइंडचं, म्हणजे जोडी जमवायचं, बटण दाबत बसतात. बीटाफ्लाइट ४.४ किंवा पुढचं टाकलं की प्रश्न मिटतो. यूएआरटी रिसीव्हर असेल तर ही अडचण नाही, म्हणून दोन्ही मिळत असतील तर तोच घ्या.

सामान आलं की आधी नुसता बोर्ड यूएसबीला लावा. मोटर नाही, बॅटरी नाही. कॉम्प्युटरवरच्या बीटाफ्लाइट कॉन्फिग्युरेटरमध्ये तो दिसतो का, हातात तिरका केला की पडद्यावरचं चित्र तसंच तिरकं होतं का, एवढं तपासा. मग सीएलआय टॅबमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या जागी, 'डिफ ऑल' देऊन जे येईल ते फाइलमध्ये जपून ठेवा, आणि बोर्डाच्या टार्गेटचं, म्हणजे फर्मवेअरसाठीच्या त्याच्या ओळखीचं, नाव वहीत लिहा. नवीन फर्मवेअर (बोर्डातलं सॉफ्टवेअर) टाकायची घाई नको. चुकीच्या टार्गेटचं फर्मवेअर टाकून चांगला बोर्ड मुका करून ठेवणारे फार आहेत. जास्त वेळ यूएसबीवर किंवा बॅटरीवर ठेवणार असाल तर समोर टेबलफॅन लावा. उडताना पात्यांची हवा व्हिडिओ ट्रान्समीटर थंड ठेवते. टेबलावर ती नसते, आणि तो बोट ठेवता येणार नाही इतका तापतो. अँटेना काढून तर तो कधीच चालू करायचा नाही.

सोल्डरिंगला घाबरता, पण इथे महत्त्वाचे जोड दोनच आहेत: बॅटरीच्या वायरचा प्लस आणि मायनस. ते जमले की निम्मा ड्रोन झाला. ६३/३७ चं बारीक सोल्डर घ्या. ते १८३ अंशांना वितळतं आणि मधल्या लगद्यासारख्या अवस्थेत रेंगाळत नाही. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर. टोक सुईसारखं नको, चपटं हवं, कारण उष्णता टोकाच्या पसरट भागातून जाते. फ्लक्स पेस्टची छोटी डबी हवीच. हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत सहज मिळतं.

बोर्ड टेबलावर घट्ट बसवा, हलता कामा नये. पॅडच्या (वायर जोडायच्या धातूच्या ठिपक्याच्या) शेजारी मोहरीहून लहान भाग असतात, त्यांच्यावर पिवळी, उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावा. पॅडवर फ्लक्सचा ठिपका, मग आयर्नचं टोक पॅडला टेकवून दीड-दोन सेकंद थांबा आणि सोल्डर पॅडला लावा, टोकाला नको. पॅडवर चकचकीत उंचवटा तयार होईल. वायरचं टोक दोन मिलिमीटर सोला, पिळा, त्यालाही फ्लक्स आणि सोल्डर पाजा. आता वायर उंचवट्यावर धरून आयर्न वरून टेकवा. दोन्हीकडचं सोल्डर एकजीव होताना स्पष्ट दिसतं, वायर अचानक खाली बसते. आयर्न उचला, वायर तशीच स्थिर धरून तीन सेकंद फुंकर न घालता थांबा. मायनसच्या पॅडला जास्त वेळ लागेल, कारण तो बोर्डातल्या तांब्याच्या मोठ्या थराला जोडलेला असतो आणि उष्णता तिकडे पळते. तिथे घाई केली की वरून गोल, आतून न चिकटलेला मणी बनतो. तो ओढून बघितला की सुटतो. ओढून बघाच. वायर २२ गेजची पुरे, लांबी बॅटरीच्या खाचेपर्यंत पोहोचेल एवढीच.

मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून प्लस-मायनसला टोकं लावा. क्षणभर 'बीप' होऊन थांबला तर ठीक, आतले कपॅसिटर भरत होते. बीप चालूच राहिला तर शॉर्ट आहे, बॅटरी लावायची नाही.

मोटरींना प्लग असतील तर पहिल्या बांधणीत ते राहू द्या. वजन थोडं जास्त, पण मोटर बदलणं मिनिटाचं काम. थेट सोल्डर करून ते वजन वाचवणं पुढच्या ड्रोनला करा. मोटर फ्रेमला बसवताना एम१.४ चे जे स्क्रू सोबत येतात तेच वापरा. एक मिलिमीटरने जास्त लांब स्क्रू आत जाऊन मोटरीच्या तांब्याच्या गुंडाळीला टेकतो, इनॅमल खरवडलं जातं, आणि बॅटरी लावताच त्या कोपऱ्यातला ईएससी जळतो. स्क्रू बसवून झाला की बोटाने मोटर फिरवून बघा. चारही सारख्याच सुळसुळीत फिरल्या पाहिजेत. बोर्ड रबरी बुशिंगवर बसवताना स्क्रू आवळून रबर चपटं करू नका. ते थोडं डुलतं राहिलं पाहिजे, नाही तर पात्यांची थरथर सरळ जायरोत, म्हणजे ड्रोनचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरमध्ये, जाते.

आता पात्यांशिवाय चाचणी. बीटाफ्लाइटच्या क्रमात मोटर १ मागे उजवीकडे, २ पुढे उजवीकडे, ३ मागे डावीकडे, ४ पुढे डावीकडे. मूळ मांडणीत १ आणि ४ घड्याळाच्या काट्याप्रमाणे, २ आणि ३ उलट. बॅटरी लावून एकेक मोटर हळू फिरवा. कागदाची पट्टी टेकवली की दिशा कळते. क्रम किंवा दिशा चुकली तर मोटर टॅबमधूनच बदलता येते, वायर उलट्या करायची गरज नाही. बोर्ड फ्रेममध्ये फिरवून बसवला असेल तर त्याचे अंश सेटिंगमध्ये सांगा. जायरोची दिशा एका अक्षावर जरी उलटी राहिली तरी ड्रोन सावरण्याऐवजी स्वतःलाच ढकलतो आणि आर्म करताच, म्हणजे मोटरी चालू करताच, कोलांटी मारतो.

ईएससीवर ब्लूजे नावाचं फर्मवेअर असेल तर दुहेरी डीशॉट, म्हणजे ईएससी आणि फ्लाइट कंट्रोलरमधला दोन्ही बाजूंचा संवाद, चालू करा. मग मोटरींचा वेग फ्लाइट कंट्रोलरला कळतो आणि आरपीएम फिल्टर नेमकी तेवढीच थरथर गाळतो. पीडब्ल्यूएम, म्हणजे ईएससी मोटरीची वीज चालू-बंद करतो तो वेग, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. ९६ वर उड्डाणाचा वेळ थोडा वाढतो, पण कमी थ्रॉटलला पकड सुटते. पीआयडीच्या, म्हणजे ड्रोन स्थिर ठेवणाऱ्या हिशोबाच्या, आकड्यांना हात लावू नका. बीटाफ्लाइटच्या प्रीसेटमधून ६५ मिमीच्या व्हूपसाठी दिलेला संच लावा आणि महिनाभर तोच उडवा.

फेलसेफ, म्हणजे रेडिओचा सिग्नल तुटला तर काय करायचं ते, 'ड्रॉप'वर. पाती नसताना आर्म करा आणि रेडिओ बंद करा. मोटरी लगेच थांबल्या पाहिजेत. हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाती बसवायची नाहीत. आर्मसाठी एक स्विच, अँगल (काडी सोडली की ड्रोन आपोआप सपाट होतो) आणि ॲक्रोसाठी (होत नाही) दुसरा, आणि तिसरा टर्टल मोडसाठी, म्हणजे उलटा पडलेला ड्रोन उठून न जाता सरळ करता येतो.

पातं बसवताना मोटरीला खालून आधार द्या आणि सरळ दाबा. हब (पात्याचा मधला भाग) आणि मोटरीची घंटा (वरचा फिरणारा भाग) यांच्यात कागद सरकेल एवढी फट ठेवा. पात्याची उंच कड फिरण्याच्या दिशेने हवी. काढताना पातं धरून ओढू नका, शाफ्टसकट घंटा वर येते. दोन्ही बाजूंनी सारखं उचलणारं छोटं हत्यार मिळतं, ते घ्या.

घरात उडवताना सिलिंग फॅन बंद. पहिल्या चार-पाच बॅटऱ्या गॉगलशिवाय, अँगल मोडमध्ये, नुसतं गुडघ्याएवढ्या उंचीवर स्थिर ठेवायला शिका. खरं तर त्याआधी रेडिओ यूएसबीने कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर जितके तास घालवाल तितका खर्च वाचेल. ड्रोन चांगला उडत असताना एक दिवस उचलताच गरकन फिरायला लागला, तर आधी मोटरींच्या खाली बघा. आपल्या घरांत फरशीवर लांब केस असतातच. ते पात्यासोबत आत ओढले जाऊन शाफ्टभोवती रिंगण धरतात. मोटर अडखळते, तापते, आणि माणूस पीआयडीत दोष शोधत बसतो. चिमट्याने केस काढा, पातं परत बसवा, झालं. चित्र जेलीसारखं थरथरत असेल तर पातं वाकलंय. ते सरळ करू नका, बदला.

बॅटरीची शिस्त पाळा. बॅटरीवर एचव्ही (हाय व्होल्टेज) लिहिलेलं असेल तरच ४.३५ व्होल्टपर्यंत, नाही तर ४.२०. चार्जरवर या दोन्हींसाठी बारीक स्विच असतो, दर वेळी बघा. ३०० एमएएचला ०.३ अँपिअरने चार्ज करा, समोर बसून. उडताना पडद्यावर ३.३ दिसलं की उतरा. बॅटरी काढल्यावर आकडा वर येतो, त्यावर भरवसा ठेवू नका. दोन दिवस उडवणार नसाल तर ३.८ वर आणून ठेवा. उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत कधीच नको. फुगलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

कायद्याचं थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात येतो आणि तो चालवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. याचा अर्थ कुठेही उडवा असा नाही. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर लाल आणि पिवळे भाग बघा, चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत मोकळ्या हवेत परवानगीशिवाय उडवायचं नाही. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात, तेही बघा. गॉगल घातलेला असताना शेजारी एक मित्र उभा ठेवा, जो ड्रोनकडे डोळ्यांनी बघत राहील. व्हिडिओ ट्रान्समीटर २५ मिलिवॉटवर ठेवा आणि रेसबँड या चॅनलांच्या संचातले ३ ते ६ हेच चॅनल वापरा. ते ५७३२ ते ५८४३ मेगाहर्ट्झमध्ये येतात, म्हणजे ५७२५ ते ५८७५ च्या खुल्या पट्ट्यात. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आणि सुट्या केलेल्या पूर्ण संचाच्याही आयातीवर बंदी आहे. सुट्या घटकांवर नाही. त्यामुळे बाहेरून 'फुल किट' मागवू नका. भाग इथल्या विक्रेत्यांकडे मिळतात, बिल जपून ठेवा.

तुमच्या यादीतला रेडिओ आणि गॉगल तसेच राहू द्या, फक्त रेडिओ ईएलआरएसचा आणि गॉगल ॲनालॉग घेणारा आहे ना, एवढं बघा. मोठा खर्च याच दोन वस्तूंचा आहे आणि पुढच्या प्रत्येक ड्रोनला त्या चालतील. १४०४ मोटरी, कार्बन फ्रेम, डिजिटल युनिट आणि ३एस बॅटऱ्या यादीतून काढा. त्यांच्या जागी ६५ मिमीच्या दोन फ्रेम, कारण कडं कधी ना कधी तडकणारच. ०८०२ च्या पाच मोटरी, त्यातली एक राखीव. एक एआयओ बोर्ड, एक कॅमेरा, दोन कॅनोपी, पात्यांचे चार संच, सहा बॅटऱ्या आणि सहा जागांचा १एस चार्जर. तीन इंची बांधायचाच असेल तर तो या व्हूपवर ॲक्रोमध्ये दाराच्या चौकटीतून न अडकता जायला लागलात की बांधा, आणि तो गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानासाठी.